निषिद्ध नगरीत झाडू कोण मारायचं?

प्रश्न : मी एका अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला इतिहास शिकवते. ‘जागतिक वारसा’ या शालेय उपक्रमात माझ्या वाट्याला चीनचे राजवाडे आले आहेत. तीन तासिका मिळणार आहेत. नेटवरची माहिती वाचून दाखवली तर मुलं जांभया देतात. एकाने तर सरळ विचारलं, ‘चीनचं आपण कशाला शिकायचं?’ सुरुवात कुठून करू?

उत्तर :

ताई, जांभया माझ्याही वर्गात आल्या होत्या, म्हणून आधी माझी फजिती सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी हा विषय पहिल्यांदा घेतला तेव्हा मी बीजिंगच्या निषिद्ध नगरीचे, म्हणजे चिनी सम्राटांच्या राजवाड्याचे, फळाभर आकडे लिहिले होते. बांधकाम १४०६ ते १४२०, क्षेत्रफळ ७२ हेक्टर, इमारती सुमारे ९८०, सम्राट २४, जागतिक वारसा यादीत १९८७ साली. मुलांनी इमानेइतबारे वहीत उतरवून घेतलं. मग शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. “बाई, एवढ्या मोठ्या वाड्यात झाडू कोण मारायचं?” वर्ग फिदीफिदी हसला आणि मी त्याला गप्प बसवलं. संध्याकाळी भाकऱ्या थापताना लक्षात आलं, त्या तासाला विचारला गेलेला एकुलता एक खरा प्रश्न तोच होता, आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं.

तेव्हापासून हा विषय मी त्या प्रश्नाभोवतीच घेते. राजवाडा कुणाचा होता हे मुलांना दोन मिनिटांत कळतं. तो उभा कुणी केला, जळल्यावर परत कुणी बांधला, लुटला कुणी, खोक्यांत भरून वाचवला कुणी आणि आज त्याची डागडुजी कोण करतं, हे सांगायला तीन तासिका अपुऱ्या पडतात. ‘वारसा’ या शब्दाला वजन येतं ते या बाजूने. राजाच्या बाजूने गेलं की थाटमाट तेवढा हाती लागतो.

सगळे राजवाडे घेऊ नका. बीजिंगची निषिद्ध नगरी मध्यभागी ठेवा, तिच्या जोडीला युआनमिंगयुआन हा जळून गेलेला बागमहाल. बाकीचे जाता जाता.

पहिल्या तासिकेला फळ्याकडे जाऊच नका. बाकं मागे सरकवा आणि फरशीवर खडूने एक आयत काढा. उत्तर-दक्षिण ९६ सेंटिमीटर, पूर्व-पश्चिम ७५. नगरीची खरी मापं ९६१ मीटर आणि ७५३ मीटर, म्हणजे मीटरला मिलिमीटर. भूगोलाच्या सरांना सोबत घेतलंत तर त्यांचाही प्रमाणाचा पाठ उरकेल. आयताभोवती पाच सेंटिमीटरचा निळा पट्टा ओढा, तो ५२ मीटर रुंदीचा खंदक. तट साधारण दहा मीटर उंच, तेव्हा एक सेंटिमीटर उंचीची पुठ्ठ्याची पट्टी उभी करा. उत्तरेला खंदकाबाहेर ओल्या मातीचा साडेचार सेंटिमीटरचा ढीग घाला. ही जिंगशान टेकडी. खंदक खणताना निघालेली माती तिथे टाकली गेली. दक्षिणेकडून आत येणाऱ्या मधल्या रेषेवर दोन-तीन काडेपेट्या एकीवर एक ठेवल्या, की सम्राटाचं सिंहासन असलेला थायह महाल झाला. तो चौथऱ्यासकट ३५ मीटर उंच आहे, म्हणजे इथे साडेतीन सेंटिमीटर.

आता विचारा, या नकाशात माणूस केवढा? कुणी तांदळाचा दाणा म्हणतं. तांदूळ ठेवला तर माणूस सहा मीटरचा होतो. मुलं खुदखुदतात, मग गणित करतात आणि पावणेदोन मिलिमीटरवर येतात. तोवर मी पिशवीतून मोहरीची डबी काढलेली असते.

एक दाणा दक्षिण दरवाजात ठेवायचा. ‘हा तू. कुठल्या तरी प्रांतातून कागद घेऊन आलायस. जा सम्राटाकडे.’ काडेपेटीपुढचं अंगण तब्बल तीन हेक्टरांचं आहे, त्यात एक झाडही नाही. त्या रिकाम्या फरशीवर एकटी मोहरी पाहिली, की वर्ग आपोआप गप्प होतो. वास्तूतून दरारा कसा निर्माण करतात यावर मला वेगळं बोलावं लागत नाही. मग मागच्या अर्ध्या भागात, जिथे राजघराणं राहायचं तिथे, मूठभर मोहरी टाकते. हे स्वयंपाकी, हे पहारेकरी, हे कोळसा वाहणारे, ह्या दासी, हे झाडूवाले. छिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळात या सगळ्या व्यवस्थेसाठी राजघराण्याचं स्वतंत्र खातं होतं. आतल्या भागात रात्री सम्राटाखेरीज राहणारे पुरुष म्हणजे मुख्यतः खोजे. हा शब्द टाळू नका. ‘लहानपणी शस्त्रक्रिया करून पुरुषत्व काढून घेतलेले नोकर, बहुतेक गरिबाघरचे,’ एवढं एका वाक्यात सांगून पुढे जा. आपण चाचरलो की मुलं हसतात. सरळ सांगितलं तर ऐकून घेतात.

नावावरही पाच मिनिटं द्या. चिनी नाव त्झिजिनछंग. छंग म्हणजे तटबंदीचं शहर, जिन म्हणजे मनाई, आणि त्झि म्हणजे जांभळा. भिंती लाल, कौलं पिवळी, मग जांभळं काय? तर चिनी ज्योतिषात ध्रुवताऱ्याभोवतीच्या आकाशाच्या भागाच्या नावात हा जांभळा येतो, आणि तिथे स्वर्गाचा सम्राट राहतो अशी कल्पना. सगळं आकाश फिरतं, तो तारा तेवढा जागचा हलत नाही. चांगला राज्यकर्ता ध्रुवताऱ्यासारखा असतो, असं कन्फ्यूशियसचंही वचन आहे. आपल्याकडच्या मुलांना ध्रुवबाळाची गोष्ट पाठ असते, त्यामुळे ‘अढळपद’ म्हटलं की काम झालं. मात्र दोन्ही गोष्टी एकच आहेत असं भासवू नका. आपला ध्रुव बापाच्या मांडीवरून उठवलेलं पोर आहे, तिकडचा तारा सत्तेचा मध्यबिंदू. आज चिनी लोक या जागेला गुगोंग, म्हणजे ‘जुना राजवाडा’, म्हणतात. (उच्चारांवरून घाबरू नका. मराठीत लिहिताना माझीही त्रेधा उडते. एक लेखन ठरवा आणि तेच शेवटपर्यंत ठेवा.)

आता खोल्यांची गंमत. नेटवर सगळीकडे ९,९९९ खोल्या असं सापडेल, कुठे कुठे ‘आणि अर्धी’ अशी पुस्ती. स्वर्गातल्या सम्राटाकडे दहा हजार, म्हणून पृथ्वीवरच्याने अर्धी कमी ठेवली, ही दंतकथा. १९७३ साली प्रत्यक्ष मोजणी झाली ती ८,७०७ ची. दंतकथा आणि मोजणी शेजारी-शेजारी लिहून मुलांना दोन्हींचं काम काय ते विचारा. पण माझा मुद्दा वेगळाच आहे. ‘खोली’ हे भाषांतरच चुकलेलं आहे. मूळ शब्द ज्यन. चार खांबांच्या मधली जागा म्हणजे एक ज्यन. यासाठी मराठीत तयार शब्द आहे, खण. ‘आमचं घर पाच खणी’ म्हणणाऱ्या आजीला निषिद्ध नगरीची मोजणी लगेच कळली असती. आपण इंग्रजीतून माहिती घेतो आणि खणाची खोली करून बसतो.

हे एकदा कळलं, की मुलांकडून थायह महाल कागदावर काढून घ्या. तो रुंदीला ११ खण, खोलीला ५ खण. खांब किती? पटकन ५५ म्हणणारे निघतीलच. मग ठिपके काढायला लावा. अकरा खणांना खांबांच्या बारा रांगा लागतात, पाच खणांना सहा. बारा सक बहात्तर. महालात खरोखरच ७२ खांब आहेत. हे उत्तर मुलांनी स्वतः काढलेलं असतं, म्हणून ते विसरत नाहीत. वाडा पाहिलेली मुलं असतील तर तळखड्याची आठवण करून द्या. तिथेही लाकडी खांब जमिनीत गाडलेला नाही, दगडी बैठकीवर नुसता टेकलेला आहे. भिंती भार घेत नाहीत. सगळा भार खांब, तुळया आणि छताखालच्या एकात एक अडकवलेल्या लाकडी हातांवर.

दुसरी तासिका लाकूड, दगड आणि आग यांची.

नगरी बांधून घेणाऱ्या योंगल सम्राटाने राजधानी नानजिंगहून उत्तरेला बीजिंगला आणायचं ठरवलं, तेव्हा खांबांसाठी नानमू नावाचं लाकूड स्छ्वान आणि आसपासच्या डोंगरांतून तोडून आणलं. ओंडके नद्यांत सोडायचे आणि पाण्याच्या वाटेने उत्तरेला आणायचे. एकेक ओंडका पोचायला वर्षं लागत. ‘हजार जण डोंगरात जातात, पाचशे बाहेर येतात’ अशी तिकडची म्हण आहे. ही म्हण फळ्यावर लिहा आणि त्यावर काहीच बोलू नका.

दगडाचं प्रकरण तर विज्ञानाच्या तासाला देण्यासारखं. थायह महालाच्याच रेषेत मागे असलेल्या बाओह महालाच्या मागच्या पायऱ्यांत ड्रॅगन कोरलेली एक अखंड शिळा आहे. लांबी साडेसोळा मीटर, वजन दोनशे टनांहून जास्त. असे दगड बीजिंगपासून ७० किलोमीटरवरच्या फांगशानच्या खाणींतून यायचे. एवढं वजन पेलतील अशी चाकं नव्हती. म्हणून हिवाळ्याची वाट पाहायची, रस्त्याकडेला विहिरी खणायच्या, पाणी ओतून रस्त्याचा बर्फ करायचा आणि त्यावरून दगड ओढत न्यायचा. १५५७ च्या हिवाळ्यात सुमारे १२३ टनांचा एक दगड असा आणायला २८ दिवस लागल्याची नोंद आहे. बर्फावर आणखी थोडं पाणी शिंपडलं की ओढायला लागणारी माणसं कितीतरी कमी होतात. वर्गात एक वीट दोरीने बांधा, तानकाटा लावा, कोरड्या फरशीवरून ओढा, मग ओल्या गुळगुळीत फरशीवरून. आकड्यांतला फरक मुलं स्वतः वाचतील. आमच्याकडे एकदा दोरी तुटून वीट थेट बाकाच्या पायावर गेली, तेव्हा चपला-बूट घालून हा प्रयोग करा.

एवढं करून १४२१ च्या नववर्षाला दरबार भरला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वीज पडून थायह आणि बाओह धरून मधल्या रेषेवरचे तिन्ही मोठे महाल जळून खाक झाले. तीन-साडेतीन महिन्यांत! पुन्हा बांधायला दोन दशकं गेली. मग १५५७ ला आग, १५९७ ला आग, १६७९ ला आग. आज पर्यटक ज्या थायह महालापुढे उभे राहतात तो १६९५ साली पुन्हा उभारायला घेतलेला. आगीपायी तिथल्या माणसांनी काय काय केलं ते मुलांना शोधू द्या. अंगणांत तीनशेच्या वर पाण्याची मोठी भांडी ठेवलेली होती, त्यांतली अठरा ब्राँझवर सोन्याचा मुलामा दिलेली. कडाक्याच्या थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली विस्तव पेटवायचे. ग्रंथालयाची कौलं काळी, कारण चिनी कल्पनेत काळा रंग पाण्याचा. थायह महालाच्या छपराच्या कण्यावर बसवलेल्या दहा छोट्या प्राण्यांतला शेवटचा, पंखवाल्या माकडासारखा, विजेपासून राखण करतो असं मानतात. बाकी कुठल्याच इमारतीवर हा दहावा नाही.

इथे कुणीतरी म्हणणारच, “म्हणजे बाई, हा डुप्लिकेट आहे!” माझ्या वर्गात दरवर्षी म्हणतं, आणि मी त्याची वाट पाहत असते. लाकूड बदललं, मग खरं काय उरलं? मी शनिवारवाड्याचं उदाहरण देते, कारण तो मुलांनी सहलीत पाहिलेला असतो. तोही लाकडाचाच होता. १८२८ च्या आगीत लाकूड गेलं, दगडी जोती आणि तट राहिला. पेशवाई दहा वर्षं आधीच संपली होती. बांधून घेणारं कुणी उरलं नव्हतं. तिकडे मात्र राज्य उभं होतं, मापं कागदावर होती आणि त्या मापांनी काम करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या टिकून होते. मग वारसा नक्की कशाला म्हणायचं, जुन्या दगडाला की परत बांधता येण्याला? १९९४ साली जपानमधल्या नारा इथे जमलेल्या तज्ज्ञांनीही याच प्रश्नाला हात घातला आणि अस्सलपणाची कसोटी प्रत्येक संस्कृतीने आपापल्या संदर्भात लावावी हे मान्य केलं. मुलांना उत्तर देऊ नका. वर्ग दोन गटांत भांडू द्या, घंटा होईपर्यंत.

कारागीर म्हटले की लेइ घराण्याचं नाव घ्यायलाच हवं. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे आठ पिढ्या या घराण्याने छिंग सम्राटांसाठी महाल, बागा, समाध्यांचे आराखडे केले. सम्राटाला मंजुरीसाठी दाखवायला ते कागद, ज्वारीची ताटं-काड्या आणि लाकडाचे नमुने बनवत, कागद गरम इस्त्रीसारख्या लोखंडाने दाबून आकार द्यायचा. नमुन्याचं छप्पर उचलून बाजूला ठेवता यायचं, म्हणजे आतली मांडणी, पडदे, बिछाना, सगळं दिसे. जागोजाग मापांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. राजेशाही गेली, घराण्यावर गरिबी आली आणि हे कागद विकले गेले. बहुतेक पुढे ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत पोचले. २००७ साली युनेस्कोने ते ‘जागतिक स्मृती’च्या नोंदवहीत घेतले. तुमच्या मुलांना घरी करायला द्या तो हाच प्रकल्प. थर्माकोलचा चकचकीत राजवाडा नको (तो बहुधा पालकच करतात). जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचा, छप्पर उचलता येणारा, मापांच्या चिठ्ठ्या लावलेला एकच महाल, चौघांच्या गटात एक.

आजच्या डागडुजीचं एक उदाहरण जवळून दाखवा. छिएनलुंग सम्राटाने म्हातारपणी राहायला म्हणून नगरीच्या ईशान्य कोपऱ्यात १७७० च्या दशकात एक बाग आणि महाल बांधून घेतले, आणि प्रत्यक्षात तिथे राहायला गेलाच नाही. त्यातल्या ज्वानछिनजाय या छोट्या महालाच्या भिंतींवर आणि छतावर रेशमावर रंगवलेला वेलीचा मांडव आहे. खाली उभं राहिलं तर फुलं खरोखर लोंबतायत असं वाटतं. हे रेशीम मागून कागदाने पेललेलं होतं आणि तो कागद जीर्ण झाला होता. दुरुस्तीच्या वेळी तसाच चिवट, तुतीच्या सालीचा, हाताने केलेला कागद हवा होता. तो बाजारात नव्हता. शेवटी आनह्वी प्रांतातल्या कारागिरांकडून तो नव्याने तयार करून घेतला. २००८ साली काम पुरं झालं. एका छताला वाचवायला आधी कागद करणारा माणूस शोधावा लागला. असेच घड्याळं दुरुस्त करणारे: युरोपातून सम्राटांना भेट आलेली यांत्रिक घड्याळं राखायची विद्या राजवाड्यात गुरूकडून शिष्याकडे आजवर चालत आलेली आहे.

तिसरी तासिका तुमच्या त्या मुलासाठी. ‘चीनचं आपण कशाला शिकायचं?’

त्याला रागावू नका. घरी तो १९६२ ऐकत असेल, बातम्यांत सीमा पाहत असेल. कोटणीसांची आठवण काढून हिंदी-चिनी भाई-भाईचं भाषणही देऊ नका. ते मुलांना खोटं वाटतं. मी एका कुत्रीपासून सुरू करते.

१८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा बीजिंगवर चालून गेल्या. शहराच्या वायव्येला युआनमिंगयुआन हा सम्राटांचा प्रचंड बागमहाल होता. तिथून एका कप्तानाने एक इवलीशी कुत्री उचलून इंग्लंडला नेली आणि व्हिक्टोरिया राणीला भेट दिली. तिचं नाव ठेवलं लूटी. नाव फळ्यावर लिहा आणि विचारा, हा शब्द कुठला? इंग्रजांनी तो आपल्याकडून उचलला. लूट हा शब्दसुद्धा त्यांनी इथूनच नेला होता. वर्ग जागा होतो तो इथे.

मग उलट्या दिशेने जा. फौजा कशासाठी गेल्या होत्या? व्यापाराच्या सवलतींसाठी, आणि त्या व्यापारात मोठा माल होता अफू. अफू पिकत होती कुठे? गंगेच्या खोऱ्यात आणि माळव्यात. माळव्याची अफू जहाजात चढायची मुंबईला. सर जमशेदजी जिजीभाईंच्या संपत्तीत चीनच्या व्यापाराचा, त्यात अफूचाही, मोठा वाटा होता, आणि त्याच दातृत्वातून १८४५ चं जे. जे. हॉस्पिटल आणि १८५७ चं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभं राहिलं. फौजेत पंजाबच्या आणि मद्रासच्या पलटणी होत्या. दुसरी बाजूही सांगा. वाटाघाटीला गेलेल्यांना चिन्यांनी कैद केलं, त्यांतले कित्येक हालहाल होऊन मेले, आणि मेलेल्यांत शीख स्वारही होते. त्याचा सूड म्हणून ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी लॉर्ड एल्गिनने १८ ऑक्टोबर १८६० ला बागमहाल जाळायचा हुकूम दिला. लूट त्याआधीच झालेली होती.

एवढं झाल्यावर ‘कशाला शिकायचं’ हा प्रश्न त्याच मुलाकडून परत येत नाही. दुसरे मात्र येतात. एकीने विचारलं होतं, “मग जे. जे. वाईट का?” मी तिला फळ्यासमोर बोलावून एका बाजूला हॉस्पिटल आणि दुसऱ्या बाजूला जळालेला महाल काढायला सांगितलं, मधे बाण. बाणावर काय लिहायचं ते वर्गाने ठरवायचं होतं. पुढचा अख्खा तास त्यात गेला आणि गणिताचे सर दाराशी येऊन उभे राहिले.

बागमहालाच्या पाश्चात्त्य पद्धतीच्या भागात एक कारंजं होतं. चिनी बारा राशींच्या प्राण्यांची ब्राँझची मुंडकी आळीपाळीने पाणी सोडून वेळ दाखवायची. चिनी प्रहर दोन तासांचा, म्हणून बारा. दुपारी बाराला सगळी एकदम. ही मुंडकी लुटीत पांगली. २००९ साली पॅरिसमध्ये उंदीर आणि सशाची मुंडकी लिलावात निघाली, एका चिनी माणसाने सर्वांत मोठी बोली लावली आणि मग पैसे द्यायला साफ नकार दिला. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या एका उद्योगपती घराण्याने ती दोन्ही चीनला परत केली. आजवर सात परतली आहेत. यांचा आराखडा केला होता कास्तिल्योने या इटालियन ख्रिस्ती मिशनऱ्याने, जो १७१५ पासून मरेपर्यंत चिनी दरबारात चित्रकार होता. तेव्हा हा वारसा कुणाचा, यावर वाद घालायला भरपूर मसाला आहे. वाद आपल्या बाहेर गेलेल्या वस्तूंपर्यंत जाऊ द्या, पण तिथेच अडकू देऊ नका. कारण लगेच पुढची गोष्ट सांगायची आहे: १९०० साली आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या, त्यांत ब्रिटिशांच्या बाजूने पुन्हा हिंदी शिपाई होते. सम्राट जिथे दरवर्षी पूजा करायचे त्या स्वर्गमंदिरातली एक ब्राँझची घंटा त्या वेळी भारतात आली आणि लष्कराच्या एका मेसमध्ये कित्येक दशकं राहिली. १९९५ मध्ये भारतीय लष्कराने ती चीनला परत केली. परत मागणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे असतो हे मुलांना ठाऊक असतं. परत देणाऱ्यांच्या रांगेतही एकदा उभे होतो, हे बहुतेक शिक्षकांनाही ठाऊक नसतं.

वेळ उरला तर खोक्यांचा खेळ घ्या. शेवटचा सम्राट पू-यीने १९१२ मध्ये गादी सोडली तरी त्याला मागच्या महालांत राहू दिलं होतं. १९२४ ला बाहेर काढलं आणि १० ऑक्टोबर १९२५ ला तिथे सगळ्यांसाठी संग्रहालय उघडलं. पुढच्या दहा वर्षांच्या आतच जपानी फौजेची भीती उभी राहिली. १९३३ साली निवडक वस्तू १३,४२७ खोक्यांत भरून दक्षिणेला हलवल्या. १९३७ नंतर त्या बोटी, रेल्वे, ट्रक मिळेल त्याने पश्चिमेच्या डोंगरांत नेल्या. १९४८-४९ मध्ये त्यांतली २,९७२ खोकी तैवानला गेली, म्हणून आज एकाच राजवाड्याची दोन संग्रहालयं आहेत, बीजिंगला आणि तैपेईला. मुलांना दहा वस्तूंची चित्रं द्या: सिंहासन, चिनी मातीचा वाडगा, हस्तलिखित, घड्याळ, कौल, झाडू. खोक्यात चारच मावतात. झाडूचं चित्र मी मुद्दाम ठेवते. आजवर तीन गटांनी तो घेतला आणि तिन्ही गटांची कारणं ऐकण्यासारखी होती.

काही गोष्टी टाळलेल्या बऱ्या. १९०० साली विहिरीत ढकलून मारलेल्या जेन या राणीची गोष्ट घेतलीत तर भुतांवर घसरू नका. नंतर विषय हातात येत नाही. नऊ आकड्याची गूढं (दारावर नऊ गुणिले नऊ खिळे वगैरे) दोन मिनिटांत संपवा. आणि ‘चिनी राजवाडा’ म्हणजे एकच साचा असं वाटू देऊ नका. ईशान्य चीनमधल्या शेनयांगचा राजवाडा १६२५ साली सुरू झालेला, पुढे छिंग घराणं ज्यांचं झालं त्या मांचू सरदारांचा. तिथला अष्टकोनी महाल आणि समोरचे दहा मंडप पाहिले की छावणीतले तंबूच आठवतात. २००४ मध्ये तो जागतिक वारसा यादीतल्या बीजिंगच्या नोंदीला जोडला गेला. त्याच्याही हजार वर्षं आधीचा एक धागा आपल्या पाठ्यपुस्तकातून जातो. पुलकेशीच्या महाराष्ट्राचं वर्णन करणारा ह्युएनत्संग परत गेल्यावर शेवटची वर्षं युहुआ या डोंगरातल्या जुन्या राजमहालात ग्रंथ अनुवादत बसला होता. महालाचा तोवर विहार झालेला होता. ६६४ साली तो तिथेच वारला.

मूल्यमापनात ‘निषिद्ध नगरीची पाच वैशिष्ट्ये लिहा’ हा प्रश्न घालू नका, प्लीज. मी हा देते: ‘महालाचं छप्पर गळतंय. दुरुस्तीला कोणकोण लागेल आणि कुठल्या क्रमाने?’ राजवाड्यात बांधकामाची आठ कामं मानतात: कौलं, सुतारकाम, पाया, दगड, परांची, लाकडावरचे लेप, नक्षीचित्रं आणि कागद चिकटवणं. मुलांनी परांची आधी लिहिली की पैकीच्या पैकी गुण. गवंड्याची पोरं यात पहिली येतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

वर्गात इंटरनेट चालत असेल तर राजवाडा संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चौफेर फिरवता येणारी दृश्यं आहेत, ती तिसऱ्या तासिकेच्या शेवटी दाखवा, आधी नको. आधी दाखवलीत तर फरशीवरच्या काडेपेट्यांकडे कुणी बघणार नाही.

आणि पहिल्या तासिकेची शेवटची सात मिनिटं मोकळी ठेवा. खडू ओल्या फडक्याने निघतो, पण मोहरी फटींत जाते आणि पुढच्या तासाला कुणीतरी घसरतं. आमच्याकडे मोहरी गोळा करायला त्या दिवशी कोण बसणार यावर चिठ्ठ्या टाकतात.